फळा वाळेपर्यंत

चौतीस वर्षं ज्या तोंडाच्या जिवावर मी भाकरी खाल्ली, ते तोंड आता मी घरात बंद ठेवलंय. जुई समोर असली की माझ्या तोंडून साधं 'हं'सुद्धा निघता कामा नये. निघालं तर पोरीच्या जिवाला धोका आहे. गडहिंग्लजच्या आमच्या गल्लीत लोकांनी काय काय अंदाज बांधलेत म्हणून सांगू! कुणी म्हणतं बाईंना लकवा मारला, कुणी म्हणतं भावाशी वाजलं. शेजारच्या काकूंनी कुठल्याशा मठातून अंगारा आणला. मी तो मुकाट्यानं लावून घेतला, कारण नको म्हणायचं तरी बोलावं लागतं. तेव्हा बोलणं बंद म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी हेमलता चौगुले. हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, धाकट्या भावाच्या घरी राहते. भाऊ उदय, त्याची बायको संजीवनी आणि त्यांची एकुलती एक जुई, चौदा वर्षांची, नववीत. घरात चार माणसं आणि त्यात सगळ्यात फटकळ मी.

माझी शिकवायची एक पद्धत होती, ती आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी फळ्यावर प्रश्न लिहायची. पोरं एकदा मोठ्यानं वाचायची. मग मी बादलीत फडकं बुडवून अख्खा फळा पुसून काढायची. प्रश्न गेला, आता तो ज्याच्या त्याच्या डोक्यात. फळा वाळेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही, शेजाऱ्याला कोपर मारायचं नाही, माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. उन्हाळ्यात फळा दीड मिनिटात वाळतो, पावसाळ्यात चार-पाच मिनिटं घेतो. खरं सांगते, माझ्या पोरांची उत्तमातली उत्तम उत्तरं ऑगस्ट महिन्यातली आहेत. पहिल्या दहा सेकंदांत सुचतं ते पाठांतर असतं. खरा विचार सुरू होतो तो पोरं कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागल्यावर. शाळेत काचेचे चकचकीत पडदे आले तेव्हा सगळ्यांनी जुने फळे भंगारात दिले. मी माझा मात्र टेम्पोत घालून घरी आणला आणि मागच्या सोप्याच्या भिंतीवर टांगला. काच पाणी पीत नाही, तिच्यावर काय वाळवणार कपाळ!

दहा वर्षांपूर्वी एक योजना निघाली. अनुभवी शिक्षकांचे तास चित्रित करायचे आणि त्यावरून एका यंत्राला शिकवायला शिकवायचं. जिल्ह्यातून माझी निवड झाली. दोन महिने माझ्या वर्गात कॅमेरे होते. दोनशे बारा तास भरले. शेवटी राणे नावाचे एक तंत्रज्ञ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही प्रश्न विचारता आणि मग तीन-तीन मिनिटं काहीच होत नाही. हे रिकामे भाग ठेवायचे का?"

आता ऐका माझं शहाणपण. त्याच्या आदल्याच वर्षी विस्तार अधिकारी तपासणीला आले होते. आत पाऊल टाकलं तर चाळीस पोरं गप्प, मी गप्प, फळा ओला. साहेबांनी शेरा मारला: 'अध्यापनात शैथिल्य. वेळेचा अपव्यय.' त्या शेऱ्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण खाली सही करून मी तो निमूट घेतला होता. आता हे चित्रण वरपर्यंत जाणार. परत कुणी साहेबानं ती शांतता बघितली तर? मी राण्यांना म्हटलं, "काढून टाका. उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको." त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली.

मला वाटलं चित्रणातली शांतता जाईल. पोरांची जाईल हे मला कुठे माहीत होतं?

दोन वर्षांनी 'सोबत' आली. कानामागे चिकटवायची बोटभर पट्टी. तिचं शास्त्र असं. आपल्याला एखादा प्रश्न अडला की ते आपल्या लक्षात यायच्या आधी, सेकंदाचा तिसरा हिस्सा आधी, मेंदूच्या पुढच्या भागात एक गजर होतो. तो गजर विजेच्या बारीकशा लहरीनं होतो आणि तो कातडीवरूनही टिपता येतो. पट्टी तो टिपायची, पोर कुठे अडलंय ते ओळखायची आणि कवटीच्या हाडातून थेट कानात पुढचा धागा सांगायची. जोडीला विजेचा एक मंद झटका, मुंगी चालल्यासारखा, म्हणजे लक्ष उडू नये. बाहेर कुणाला काही ऐकू येत नसे. पोर कधी अडायचंच नाही.

आणि सांगणारा आवाज कुणाचा? माझा! दोनशे बारा तासांतला. 'बघ हं, आता याला तीननं भाग,' 'अगं, पान हिरवं कशामुळे, आठव, हरितद्रव्य.' प्रश्न संपला की लगेच उत्तर, मध्ये श्वासाचीसुद्धा जागा नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला स्वतःचाच केवढा अभिमान वाटला! किती हुशार, किती तरतरीत वाटत होते मी. जुई सहा वर्षांची होती. तिच्या कानामागे पहिली पट्टी मीच चिकटवली. "आता आत्या शाळेतपण तुझ्याबरोबर," असं म्हणाले.

आठ वर्षं जुई सगळीकडे पहिली आली. आणि या जुलैत, आंतरशालेय स्पर्धेत, स्टेजवर उत्तर देता देता तिचे डोळे फिरले. फीट आली. दवाखान्यात नेलं, पट्टी काढून ठेवली. दोन दिवस झोपेच्या औषधावर ठेवून घरी आणलं. दुपारी संजीवनीनं स्वयंपाकघरातून सहज विचारलं, "जुई, संध्याकाळी भाजी कुठली करू गं?"

एवढंच. पोरगी दारात उभी होती. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. चेहरा पांढराफटक. कानामागे बोटं चाचपडायला लागली. श्वास आत घेतलेला, तो बाहेर येईना. मी शिक्षकी सवयीनं मनात आकडे मोजत होते, नऊपर्यंत आले आणि ती खाली कोसळली. दुसरी फीट. चार मिनिटांची. कशानं? तर भाजी कुठली करू, म्हणून.

कोल्हापूरच्या मेंदूच्या डॉक्टर मगदूमबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. "गजर वाजला की मेंदू जुन्या आठवणींचं सामान उपसायला लागतो. उत्तर मिळो न मिळो, काही वेळानं तो स्वतःच गजर शांत करतो. चाळीस सेकंदांच्या आसपास अस्वस्थपणा कळसाला जातो, दीड मिनिटापर्यंत ओसरतो. पण हे शिकावं लागतं. सतत कडेवर राहिलेल्या मुलाला चालता येत नाही, तसंच हे. जुईचा गजर आठ वर्षांत एकदाही तिनं स्वतः बंद केलेला नाही. दर वेळी पट्टीनं केलाय."

"मग पट्टी परत लावू," उदय म्हणाला.

"लावावी लागेलच. पण तिच्या मेंदूला ती वीज आता सोसत नाहीये. पट्टी लावली तर त्यानं फीट येणार, काढली तर घाबरून येणार. कमीत कमी विजेवर मी ती एकवीस दिवस चालू ठेवीन. तेवढ्यात ही मुलगी एखाद्या प्रश्नावर दीड मिनिट उत्तराशिवाय राहायला शिकली तर आपण सुटलो."

"आणि नाही शिकली तर?" संजीवनीनं विचारलं.

डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "पुढची फीट थांबेलच असं मी सांगू शकत नाही."

मी छाती पुढे काढून म्हणाले, "डॉक्टर, पोरांना थांबायला शिकवणं हेच मी आयुष्यभर केलंय. दीड मिनिट म्हणजे उन्हाळ्यातला एक फळा. मी शिकवते." केवढा तो रुबाब माझा!

रोज दुपारी तीन मिनिटं पट्टी काढायची परवानगी होती. फीट आलीच तर नाकात मारायचा फवारा संजीवनीच्या हातात. पहिल्या दिवशी मी जुईला सोप्यात बसवलं, हात हातात घेतले आणि अगदी मऊ आवाजात म्हटलं, "जुई, चिंचेची पानं संध्याकाळी का मिटतात? सावकाश सांग. घाई नाही."

तिनं माझ्या ओठांकडे बघितलं. तिसऱ्या सेकंदाला तिची नखं माझ्या मनगटात रुतली. "सांग ना."

"विचार कर, बाळा."

"आत्या, सांग ना! तू नेहमी सांगतेस. सांग ना गं!" आठव्या सेकंदाला आवाज बंद. नवव्याला फवारा.

दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी नऊ. मी समजावलं, चुचकारलं, फळा पुसून बघितला, गोष्ट सांगितली, श्लोक म्हणायला लावला, एकदा तर ओरडले. त्या दिवशी सहा. पुढे जायचं सोडाच, पोरगी मागे चालली होती. पाचव्या दिवशी उदयनं माझ्या हातातलं फडकं हिसकावून बादलीत फेकलं.

"बस झालं ताई! हात जोडतो तुला. तुझ्यानं होत नाहीये हे."

"मग कुणाच्यानं होणार? तुझ्या?"

"निदान मी तिला फीट तरी आणत नाही!"

संजीवनी दोघांच्या मध्ये येऊन रडायला लागली. त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

माझ्या डोक्यानं मग एकच घेतलं. त्या चित्रणात माझी शांतता होती. प्रश्न, मग तीन मिनिटं शांतता, मग उत्तर. ते मूळ तास मिळाले आणि पट्टीत घातले, तर कानातली आत्याच तिला थांबायला शिकवील. आधी पाच सेकंद, मग दहा. उदय मनाविरुद्ध मला गाडीतून पुण्याला घेऊन गेला. 'सोबत'च्या कचेरीत कानडे नावाच्या अभियंता बाई भेटल्या. माणूस वाईट नव्हती. माझा आवाज ऐकून उठून उभी राहिली, म्हणाली, "माझी मुलगी तुमच्याकडेच शिकते, रोज." मला तिथल्या तिथे भोवळ यायची राहिली.

मी माझं म्हणणं सांगितलं. तिनं संगणकात बराच वेळ शोधलं.

"ते तेव्हाच पुसलं गेलं, बाई. रिकामं कोण जपून ठेवतं?"

"मग आता घाला की शांतता! प्रश्नानंतर थोडं थांबायला लावा यंत्राला!"

"तीन सेकंद घालून बघितले होते आम्ही. पहिल्याच दिवशी मुलं वर्गात रडायला लागली. पालक दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी काढून टाकावं लागलं." तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "पण मूळ तास कापायचा निर्णय आमचा नव्हता. हे बघा."

पडद्यावर तो कागद आला. 'मधले रिकामे भाग काढून टाकावेत.' खाली माझी सही. ह वर लफ्फेदार वळण, जशी मी अजून करते. उदय माझ्या मागे उभा होता. त्यानं तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं आता तो मला सगळ्यांदेखत फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. पुण्यापासून गडहिंग्लजपर्यंत माणूस एक अक्षर बोलला नाही. निपाणीला त्यानं चहा घेतला, मला विचारलंसुद्धा नाही.

दुपारी घरी पोचलो. संजीवनी सोप्यात बसून जुईच्या कानामागे मलम लावत होती. पट्टी काढून ताटलीत ठेवलेली. मी आत आले, फळ्याकडे बघितलं आणि तिथंच माझा बांध फुटला. पदर तोंडात कोंबून उभी राहिले.

"आत्या, तू रडतेस?" जुईनं विचारलं. "काय झालं?"

मला सांगायचं होतं, पण हुंदका थांबत नव्हता. शब्द फुटेना. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले आणि ती माझ्याकडे. तिचा हात कानाकडे गेला. मी मनात मोजत होतेच, ती सवय मेल्यावरच सुटेल. सात. नऊ. दहा. संजीवनीचा हात फवाऱ्यावर. अकरा. तेरा. चौदाव्या सेकंदाला जुईनं धाप टाकली आणि म्हणाली, "पट्टी द्या." संजीवनीनं घाईघाईनं लावली.

चौदा! आठ दिवसांत नऊच्या वर न गेलेली पोर चौदा सेकंद राहिली होती आणि त्यात मी केलेलं एकच होतं. मी बोलले नव्हते.

डॉक्टर मगदूमबाईंना फोन लावला. त्यांनी पट्टीनं नोंदवलेले सगळे आलेख उघडून एकेक करून तपासले. मग म्हणाल्या, "माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पट्टी लावलेली असतानासुद्धा, घरात दर वेळी तुमचा आवाज कानावर पडला की गजर दुप्पट होतोय. तिच्या मेंदूला आठ वर्षांत एकच गोष्ट पक्की माहीत आहे. हा आवाज आला की उत्तर येतं. आवाज आला आणि उत्तर आलं नाही, म्हणजे जग मोडलं. चौगुलेबाई, तुम्हीच शिकवा तिला. पण तुम्ही बोलू नका."

"किती दिवस?"

"एकवीस दिवस तर नक्कीच. त्यानंतरही ऐकवू नका. महिने लागतील, कदाचित वर्षं. प्रत्येक वेळी ऐकलं की जुनी वाट पुन्हा उघडेल."

मी भांडले. मी म्हटलं, "तिला पाळण्यात असल्यापासून मी गोष्टी सांगितल्यात, डॉक्टर, मला सख्खी लेक नाही." त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगतेय." फोन ठेवला आणि त्या क्षणापासून मी तोंडाला कुलूप घातलं.

उरलेले दिवस तेरा.

अख्खा फळा म्हणजे फार मोठी उडी. म्हणून मी जुनी दगडी पाटी काढली. फळ्यावर प्रश्न लिहायची, जुई वाचायची, मी पुसून टाकायची. मग पाटीवर ओल्या बोटाचा एक ठिपका. तो वाळेपर्यंत थांबायचं, बस. वर पंखा फुल. ठिपका बारा सेकंदांत वाळायचा. जुई माझ्या ओठांकडे बघायची, ते मिटलेले. मग हळूहळू ती ठिपक्याकडे बघायला लागली. ठिपका कडेनं आत आत आकसत जातो, ते बघण्यात तिचा जीव अडकायचा. तो वाळला की मी पट्टी लावून द्यायची. दोन दिवस ठिपका. मग बोटभर रेघ, वीस सेकंद. मग दोन रेघा. मग तळहात. तळहात पस्तीस सेकंदांचा. तळहातावर पोरगी अडकली.

चाळीस म्हणजे कळस, डॉक्टर म्हणाल्याच होत्या. अडतिसाव्या सेकंदाला तिचे दात वाजायला लागायचे आणि संजीवनी फवारा उचलायची. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. दिवस संपत चालले. उदय सोप्याच्या दारात उभा राहायचा, बघवायचं नाही म्हणून निघून जायचा आणि परत यायचा. माझ्याशी बोलणं त्यानं सोडलंच होतं. मी तरी कुठे बोलत होते म्हणा. घरात दोन मुकी माणसं आणि मधे ती पोरगी. संजीवनीनं एकदा मला न्हाणीघरात गाठून विचारलं, "ताई, खरं सांगा, होईल का हो?" मी पाटीवर लिहिलं, 'माहीत नाही.' तिनं पाटी हातात घेतली आणि पदरानं पुसून टाकली.

एकविसावा दिवस. डॉक्टर फोनच्या पडद्यावर, फोन खिडकीत टेकवलेला. आज संध्याकाळी पट्टी कायमची बंद होणार होती, जमलं तरी आणि नाही जमलं तरी. आदल्या दिवशी कशीबशी तिनं चाळिशी ओलांडली होती, आकडा सत्तावन्न. मी ठरवलं होतं, अर्धा फळा पुसायचा, पंखा फुल ठेवायचा, दीड मिनिटात वाळेल. बाहेर ऑगस्टची झड लागलेली, हवा नुसती ओलीचिंब.

मी लिहिलं: 'ओला फळा जास्त काळा का दिसतो?'

जुईनं वाचलं. मी फडकं बुडवलं. घाईत ते पिळायचंच राहिलं, पाणी जास्तच लागलं, अर्ध्याऐवजी सगळा फळा निथळायला लागला. आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा दोन-चार गरगर फिरून थांबला.

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. त्या हवेत तो फळा पाच मिनिटं वाळत नाही. आणि या घरात नियम एकच, फळा वाळेपर्यंत.

वीस सेकंद. तीस. जुई खुर्चीच्या कडा धरून बसलेली. चाळिसाला दात वाजायला लागले. पन्नासाला ओठ निळसर. "ताई," संजीवनी ओरडली, "ताई, बोला! सांगून टाका तिला! एकदाच सांगा!" उदय आत धावला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, तेरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला, "ताई, मरेल गं ती." माझ्या जिभेवर उत्तर होतं. चार शब्दांचं. मी बोलले असते तर तिचा गजर तिथल्या तिथे शांत झाला असता आणि संध्याकाळनंतर ती कुठल्या तरी साध्या प्रश्नावर मेली असती. मी खडू दातांत धरला. तो मोडला, त्याचा चुरा घशात गेला, तरी मी तोंड उघडलं नाही.

सत्तराव्या सेकंदाला जुई उठली. भिंतीला धरत ती फळ्यापाशी गेली आणि त्याच्यावर तळहात टेकला. हात काढून बघितला.

"अजून ओला आहे," ती म्हणाली.

कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाच. मग परत जाऊन बसली. श्वास सुटला. एक मोठा, मग दुसरा. दीड मिनिट होऊन गेलं ते कुणी बघितलंच नाही, फक्त पडद्यावरच्या डॉक्टर तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. फळा वाळायला चार मिनिटं चाळीस सेकंद लागले. त्यातली शेवटची दोन मिनिटं जुई खिडकीबाहेर बघत होती.

फळा वाळला. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मला माहीत नाही. उद्या परत बघते."

संजीवनीनं तिला छातीशी धरून असा हंबरडा फोडला की शेजारच्या काकू धावत आल्या. मी मोडक्या खडूचा चुरा थुंकत न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून, त्याच्या आवाजाआड, पोट भरून रडले.

त्याला आता पाच महिने झाले. पट्टी गेली. सहामाहीत जुईचा नंबर सतरावा आला, आणि ओला फळा जास्त काळा का दिसतो याचं उत्तर तिनं सहाव्या दिवशी आपलं आपण काढलं, ओल्या वाळूवर आणि ओल्या रुमालावर बघून. मी अजून मुकी आहे. शाळेत बोलते, पण तिथल्या पोरांच्या कानात मी आधीच बोलून ठेवलेलं असतं. फळा आणायची परवानगी मागितली, दोनदा नाकारली. पत्रं लिहिली, पालकांना, खात्याला, कानडेबाईंना. कानडेबाईंनी मुलीची पट्टी काढायचा प्रयत्न केला. मुलगी अकरा सेकंद राहिली. त्यांनी परत लावली.

काल दुपारी जुई सोप्यात आली. हातात खडू.

"बाबांनी सांगितलं मला, पुण्यातल्या कागदाचं," ती म्हणाली. मग फळ्यावर लिहिलं आणि स्वतःच मोठ्यानं वाचलं: "आत्या, तू ती शांतता कापायला का सांगितलीस?"

तिनं फडकं बुडवलं, फळा वरपासून खालपर्यंत पुसला आणि खुर्चीत बसली. हात मांडीवर. माझ्या ओठांकडे बघितलं नाही.

आयुष्यात पहिल्यांदा त्या फळ्याच्या दुसऱ्या बाजूला मी होते. पहिल्या दहा सेकंदांत मला जे सुचलं ते सगळं खोटं होतं. साहेब, शेरा, नियम, मला काय माहीत. तिसाव्या सेकंदाला मला राग आला. नंतर कधीतरी मला माझा वर्ग दिसला, चाळीस पोरं, ओला फळा आणि दारात उभे साहेब. मी त्यांना तेव्हा आत बसवून म्हणू शकले असते, थांबा जरा, वाळू दे. पण मी तसं म्हटलं नाही.

फळा वाळला. मी उठून लिहिलं, 'मी घाबरले.'

जुईनं वाचलं. रागावली नाही, जवळही आली नाही. मग माझ्या हातातून खडू घेतला आणि त्याच्या खाली लिहिलं, 'मग आता बाकीच्या पोरांचं काय?'

आणि तिनं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं, दोन्ही ओळींवरून फिरवलं आणि जाऊन बसली. हिवाळ्याची दुपार आहे, फळ्याला तीन मिनिटं लागतात. काल तो वाळला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तिनं परत पुसलाय.